सज्जावर प्रशिक्षण घेणाऱ्या नव्या सहकाऱ्यास

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार. ग्राम महसूल अधिकारी म्हणून तुमची नियुक्ती झाली असून सध्या एका अनुभवी सहकाऱ्याच्या सज्जावर, म्हणजे त्यांच्याकडे सोपवलेल्या गावांत, तुमचे प्रशिक्षण सुरू आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. पदाचे नाव बदलले असले तरी गाव तुम्हाला तलाठी म्हणूनच हाक मारील. ती हाक आपली माना. 21 गाव नमुने, म्हणजे गावाच्या महसुली नोंदवह्या, आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेची कलमे पाहून दडपण आल्याचे तुम्ही लिहिले आहे. ते सारे एकदम पाठ करण्याऐवजी जमिनीचा एकच गट क्रमांक निवडा आणि त्याचा माग काढा.

सातबारावर खातेदाराच्या नावाजवळ असलेला फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक नमुना 6 च्या नोंदवहीत काढून वाचा; त्यातून आधीचा खातेदार कळेल, मग त्याच्या नावाचा फेरफार शोधा, आणि असे मागे जात एकत्रीकरण योजनेपर्यंत, म्हणजे गट पडण्यापूर्वीच्या सर्व्हे क्रमांकापर्यंत पोहोचा. हस्तलिखित सातबारावर नावाला कंस का केला, ‘इतर अधिकार’ रकान्यातला कर्जाचा बोजा केव्हा कमी झाला, हे या वाटेवर आपोआप समजत जाईल. कोठेतरी क्षेत्राचा मेळ बसणार नाही. तेथे अंदाज न बांधता ज्येष्ठांना विचारा. मला पहिला गट पुरता वाचायला आठवडा लागला होता. ई-पीक पाहणी आणि संगणकावरील नोंदी यांची चिंता करू नका, त्यांचा सराव रोजच्या कामात होतो.

वारस नोंदीबाबत मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मृत खातेदाराच्या दोन मुलांनी अर्ज दिला, मी त्यांचे जबाब घेतले आणि फेरफार लिहिला. त्यांना बहीण आहे का, हे मी विचारले नाही. कलम 150 प्रमाणे चावडीवर नोटीस लागली, पण दूरच्या गावी नांदणाऱ्या त्या बाईंना ती कशी दिसणार? 15 दिवसांत हरकत आली नाही आणि नोंद प्रमाणित झाली. काही वर्षांनी त्या कार्यालयात आल्या, तेव्हा प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करण्याखेरीज त्यांना मार्ग उरला नव्हता, आणि ती वेळ माझ्या तीन ओळींनी आणली होती, याचे दुःख मला आजही आहे.

म्हणून वारसाचा अर्ज हाती आला की आई हयात आहे का, बहिणी किती, त्या कोठे दिल्या आहेत, मृत मुलाच्या मागे त्याची पत्नी व मुले आहेत का, हे स्पष्ट विचारा आणि जबाबात लिहून घ्या. कोतवाल, पोलीस पाटील आणि भावकीबाहेरचे एखादे वयस्कर माणूस यांच्याकडूनही खात्री करा. बहिणीने हक्क सोडल्याचे कोणी तोंडी सांगितले, तर तेवढ्यावरून तिचे नाव गाळू नका. नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहा. अर्जदाराला पोच त्याच दिवशी द्या, कारण कलम 149 नुसार ती देणे तुमचे कर्तव्यच आहे आणि दूरवरून आलेल्या माणसाला तिचा मोठा आधार वाटतो.

तुमच्या गटाचा माग कोठपर्यंत लागला, ते अवश्य कळवा. धागा कोठे तुटला असेल, तर तो फेरफार क्रमांक लिहून पाठवा. आपण मिळून वाचू.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी