मांडीतली गाठ आणि विमा कंपनीचं पत्र

प्रश्न: माझे पती नऊ महिन्यांपूर्वी लायपोसारकोमाने, म्हणजे चरबीच्या पेशींच्या कॅन्सरने गेले. विमा घेऊन 14 महिने झाले होते. मांडीची गाठ दोन वर्षांपासून होती, ती लपवली, असं म्हणून कंपनीने दावा नाकारला. सध्या मी त्यांच्या आठवणी वहीत लिहून काढते. वर्षश्राद्धानंतर दाद मागितली तर चालेल का?

ताई, थांबू नका. ग्राहक आयोगाकडे जायला 2 वर्षं असतात, पण डॉक्टरांवर केसपेपर जपायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांचंच आहे. आजच लेखी मागणी करा. प्रती 72 तासांत मिळायला हव्यात.

त्यात ‘दोन वर्षांपासून’ हे कुणी सांगितलं ते शोधा. भरतीच्या गडबडीत कुणी नातेवाईक अंदाजाने बोलून जातो आणि तेच पुढे पुरावा म्हणून अंगावर येतं. ही गाठ बरेचदा दुखत नाही, चरबीची साधी गाठ वाटते. एखाद्या डॉक्टरने तसं लिहून दिलं असेल तर ती चिठ्ठी दुधारी आहे: कॅन्सर माहीत नव्हता हे दिसतं, पण गाठ माहीत होती हेही. म्हणून प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा. गाठीबद्दल थेट प्रश्न असेल आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर लढाई अवघड, हे आधीच सांगतो.

विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 3 वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, तुमची त्याआतली. कंपनीने पत्रात ‘फसवणूक’ म्हटलंय का, पाहा. विमेदार हयात नसेल तर फसवणूक नव्हती हे दाखवायचा भार वारसदारांवर येतो. मला हे निर्दय वाटतं, पण कायदा तसा आहे. फसवणुकीचा आरोप नसेल, तर दावा नाकारल्यावरही भरलेले हप्ते 90 दिवसांत परत मिळायला हवेत.

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. नकार आला किंवा महिनाभर उत्तर नाही आलं, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मर्यादा 50 लाख, फी नाही, आणि वकील चालत नाही, म्हणजे माझीही गरज नाही.

त्रास कधी सुरू झाला हे दाखवायला वहीत आता तारखा घाला: ते लंगडायला कधी लागले, शेवटचा गड कधी चढले. जुनं पान खोडू नका. त्या ट्रेकचे फोटो त्यांच्या मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले की काढल्याची तारीख पुसली जाते. फोन विकू नका, रीसेटही करू नका.