मडकं पोटावर का बांधलं?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. लोककथांतल्या पालकत्वावरच्या तुझ्या लेखाचा खर्डा दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण 'मडकं म्हणजे ज्ञान, झाड म्हणजे जीवन' असा तक्ता आला आणि मी अडखळलो. अशानं गोष्टीचं गाईड होतं.

घानातल्या अकान लोकांची ती अनान्सी कोळ्याची गोष्ट पुन्हा बघ. जगातलं सगळं शहाणपण मडक्यात कोंबून तो उंच झाडावर लपवायला निघाला. मडकं बांधलं पोटावर. त्यामुळे खोड कवेत येईना, पाय टेकेना, वर सरकला की घसरलाच. खाली उभं पोरगं, न्तिकुमा, सहज म्हणालं, "बाबा, पाठीवर बांधा की!" सगळं शहाणपण कवटाळलेल्या बापाला एवढं सुचलं नव्हतं. तो चिडला, मडकं हातचं सुटलं, फुटलं, आणि लोकांनी जमेल तेवढं शहाणपण उचलून नेलं.

बापाची ही चीड तू एका ओळीत उरकलीस. पालकत्व आहे ते तिथेच. मी एकदा सायकलची उतरलेली चेन चढवत होतो, कोपरापर्यंत ग्रीस. मुलगी म्हणाली, "आधी मागच्या चाकावर बसवा, मग पायडल फिरवा." मी म्हणालो, "तू आत जा." तिचंच बरोबर होतं, हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅट्रे यांनी १९३० साली छापलेल्या, अकानांपैकीच अशांती नावाच्या लोकांच्या गोष्टींत सांगणारा आधीच बजावतो की आम्ही सांगतोय ते खरं नव्हे. एवढी मोकळीक घेतल्यावर बापाची फजिती पोरांदेखत सांगता येते. शेवटी सांगणारा म्हणतो, गोष्ट गोड असो-नसो, थोडी दुसरीकडे न्या, थोडी माझ्याकडे येऊ द्या. आपली 'साठा उत्तरांची कहाणी' मात्र 'सुफळ संपूर्ण' म्हणून दार लावून घेते!

लायबेरियाची गोष्टही जोडून वाच. शिकारीला गेलेला बाप परतत नाही, थोरले मुलगे आपापल्या कामात. मागाहून जन्मलेलं धाकटं बोलायला लागल्यावर पहिलं विचारतं, "माझे बाबा कुठेत?" तेव्हा भाऊ जंगलात जातात, हाडं जुळवतात, बापाला उठवतात. गाईच्या शेपटीची मानाची चवरी मात्र तो देतो धाकट्याला, ज्यानं नुसतं विचारलं. या चवरीपुढे 'म्हणजे' लिहू नकोस. इथेही पोर बोललं, पण ऐकणाऱ्यांनी काय केलं, ते लिही.

तक्ता काढून खर्डा परत पाठव.

तुझा,
काका