केळीच्या भाड्यासाठी बीएस-६ पिकअप घ्यावी की जुनी बीएस-४ चालेल?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की यावल-फैजपूर भागात केळी आणि भाजीपाल्याच्या रोज २०-२५ किमीच्या फेऱ्या असतात, आणि १० वर्षांनी डिझेल गाडी बंद होते असं कोणीतरी सांगितलंय. माझ्याकडे दोन्ही गाड्या आहेत, २०१८ ची बीएस-४ आणि २०२१ ची बीएस-६ (बीएस म्हणजे गाडीच्या धुरासाठीचे सरकारी नियम, ६ नवे आणि जास्त कडक), दोन्ही धंद्यावरच आहेत म्हणून सांगतो.

१० वर्षांची भीती आधी काढून टाका. तो नियम दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे मालगाडी फिटनेसवर चालते, पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी पासिंग आणि मग दरवर्षी.

डिझेलचं म्हणाल तर १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेलच मिळतंय, गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. जुन्या गाडीला त्याने काही होत नाही, माझी बीएस-४ तेव्हापासून तेच पितेय आणि पंप-नोझलला अजून हात लावावा लागला नाही.

खरी गोष्ट नव्या गाडीच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरची आहे, डीपीएफ म्हणतात त्याला. काजळी त्यात अडकते आणि गाडी चांगली तापून एका लयीत पळाली की ती जळून जाते. आता आपलं काम बघा, शेतात जायचं, घड भरेपर्यंत इंजिन चालूच ठेवायचं, मग सेकंड-थर्डमध्ये कच्च्या रस्त्याने बाहेर यायचं, अशाने ती जळणार कधी? पहिल्याच वर्षी माझ्या बीएस-६ च्या मीटरवर डीपीएफचा लाइट लागला, मी लक्ष दिलं नाही, चार-पाच दिवसांनी भरलेली गाडी ओढेनाच. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आणि वास चक्क डिझेलचा. काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते आणि आपण मधेच बंद केली की ते ऑइलमध्ये उतरतं. मिस्तरी म्हणाला, भाऊ, गाडीले काही व्हयेल नही, तिले पळू दे. ऑइल बदललं, त्याने मशीन लावून फिल्टर साफ केला, आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी भुसावळहून मुक्ताईनगरकडे हायवेला २०-२५ मिनिटं ५०-६० च्या स्पीडने पळवतोच. तिकडचं भाडं मिळालं तर उत्तमच. एक मात्र सांभाळा, काजळी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापतो, अशा वेळी वाळलेल्या केळीच्या पत्तीवर किंवा कपाशीच्या पऱ्हाटीवर गाडी उभी करू नका.

इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने पुस्तकात लिहिलंय तेच टाका, साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळतच नाही. बायोडिझेल म्हणून स्वस्तात विकतात ते तर अजिबात नको. काही मॉडेलला युरियाची वेगळी टाकी असते, तिच्यात ३२.५ टक्के युरिया आणि शुद्ध पाणी एवढंच चालतं. शेतातल्या गोणीतला युरिया विरघळवून टाकायचा विचारही करू नका, त्यावर निंबोळीचं कोटिंग असतं, सगळी सिस्टीम जाते.

काही जण डीपीएफ कापून त्याच्या जागी साधा पाइप बसवतात. त्याला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. आणि तो काळा धूर शेवटी घड भरणारी आपलीच माणसं खातात. माझी बीएस-४ रिव्हर्स घेताना मागे उभे असलेले मजूर तोंडाला रुमाल लावतात, नवीच्या मागे कोणी लावत नाही, हे मी रोज बघतो.

तर तुमच्या फेऱ्या एवढ्याच राहणार असतील आणि हायवेचं भाडं कधीच नसेल तर चांगल्या मेंटेनन्सची बीएस-४ घ्या, फक्त कागद आणि फिटनेसची तारीख बघून. आठवड्याला एखादी सुरत किंवा धुळे फेरी होणार असेल तर बिनधास्त बीएस-६. डीलरला आधी विचारा की मॉडेलला युरिया लागतो का आणि डीपीएफ साफ करायचं मशीन आपल्या जिल्ह्यात कुठे आहे. मला ते दुसऱ्या तालुक्यात मिळालं, दोन दिवस गाडी उभी राहिली, कटाईचा सीझन होता.