आफ्रिकेतील कोला बीचे पारंपरिक आणि औषधी उपयोग कोणते? थकव्यावर तिची पूड घ्यावी का?

नोकरीनिमित्त नायजेरियात राहत असताना ही बी मी बाजारात, कार्यालयात आणि लग्नघरात सर्वत्र पाहिली आणि चघळलीही. त्या अनुभवाला वाचनाची जोड देऊन उत्तर देतो.

कोला हा पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी जंगलांतला, कोकोच्याच कुळातला वृक्ष आहे. त्याच्या फळातील लाल, गुलाबी किंवा पांढऱ्या बिया ताज्याच चघळतात. चव कडवट-तुरट असते, मात्र त्यावर प्यायलेले पाणी गोडसर लागते. वाळलेल्या बीत साधारण २ टक्क्यांच्या आसपास कॅफिन असते आणि थोडे थिओब्रोमिन हे कॅफिनसारखेच सौम्य उत्तेजकही असते.

तिकडे या बीला औषधापेक्षा मानाचे स्थान अधिक आहे. नायजेरियातील इग्बो समाजाच्या घरात पाहुणा आला की यजमान कोला पुढे करतो, वडीलधारा पुरुष ती हातात घेऊन इग्बो भाषेतच प्रार्थना करतो आणि मग ती फोडून सर्वांना वाटली जाते. तोवर कामाचे बोलणे काढणे शिष्टसंमत नसते. योरुबा लोक चार पाकळ्यांची बी जमिनीवर टाकून, पाकळ्या उताण्या पडल्या की पालथ्या यावरून देवाचा कौल घेतात. आपल्याकडे लग्न ठरताना सुपारी फोडतात, तसा हाउसा समाजात लग्न जुळवताना कोला वाटला जातो. हाउसांच्या कोरड्या प्रदेशात हे झाड वाढत नाही, तरीही दारू वर्ज्य असलेल्या मुस्लिम समाजात या बीला एवढी मागणी होती की व्यापारी ती ओलसर पानांत गुंडाळून, गाढवांच्या तांड्यांवर लादून दक्षिणेच्या जंगलांतून उत्तर नायजेरियातील कानो शहरापर्यंत नेत असत.

औषध म्हणून तिचा वापर थकवा, भूक, झोप, डोकेदुखी, मळमळ, जुलाब आणि दमा यांवर होत आला आहे. यातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा कॅफिनने होतो: ते झोप आणि थकव्याची जाणीव दडपते, श्वासनलिका किंचित सैल करते, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांत आजही मिसळलेले असते. जुलाबावरील उपयोगामागे बियांतील तुरट टॅनिन असावे, असे मला वाटते. लांबच्या पल्ल्याचे ट्रकचालक रात्री कोला चघळतात ते झोप टाळण्यासाठीच. त्यात गूढ असे काही नाही. १८८६ साली अटलांटातील जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्याने कोका-कोला हे आपले प्रसिद्ध पेय तयार केले, तेही आरंभी टॉनिक म्हणूनच विकले गेले.

बाजारात ‘बिटर कोला’ नावाने मिळणारी बी मात्र वेगळी आहे. ते झाड आपल्या कोकमाच्या प्रजातीतले असून खोकला आणि घशासाठी वापरले जाते. कॅफिनसाठी तिच्याकडे वळू नये.

आपल्या थकव्याबद्दल सांगायचे तर तो अनेक आठवडे टिकला असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण कोला थकवा झाकतो, त्याचे कारण दूर करत नाही. पुडीत नेमके किती कॅफिन आहे हे वेष्टनावर लिहिलेले नसेल तर ती घेऊ नये. निरोगी प्रौढाने चहा-कॉफी धरून दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहावे, गर्भवतींनी २०० च्या आत. आणि रक्तदाब, हृदयाची धडधड किंवा निद्रानाशाचा त्रास असलेल्यांनी ही पूड टाळावी.