वाचकांचे प्रश्न: डायनासोरच्या चिलखताच्या पट्ट्या

प्रश्न: एका विक्रेत्याकडे ‘अँकिलोसॉरस, हेल क्रीक’ अशी चिठ्ठी असलेली 9 सेंटीमीटरची पट्टी आहे. फोटो चांगले आले आहेत. पैसे पाठवण्याआधी काय तपासू?
(वाचक, राजारामपुरी)

उत्तर: अँकिलोसॉरस हा चिलखतधारी शाकाहारी डायनासोर, आणि पट्टी म्हणजे त्याच्या कातडीतला हाडाचा तुकडा. सगळ्यात आधी चिठ्ठी. ‘हेल क्रीक’ म्हणजे अमेरिकेतल्या मोंटाना आणि डाकोटा भागातले, 6.8 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे थर. नुसतं तेवढं नाव पुरेसं नाही. राज्य, काउंटी आणि जमीन खाजगी होती का, हे लेखी मागा. तिथल्या केंद्र सरकारच्या जमिनीवरून पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, 2009 पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाच आहे. मंगोलियातून आलेली पट्टी असेल तर हातही लावू नका, तिथले डायनासोर सरकारी मालमत्ता आहेत. ठिकाण न सांगणाऱ्याकडून घेऊ नये, मग पट्टी कितीही देखणी असो.

प्राण्याच्या नावावर मात्र फार विसंबू नका. याच थरांत डेनव्हरसॉरस हा दुसरा चिलखतधारी शाकाहारीही होता. या पट्ट्या कातडीत तयार होतात, सांगाड्याला जोडलेल्या नसतात, त्यामुळे मेल्यावर विखुरतात. एकट्या पट्टीवरून प्रजाती सांगणं बहुतेक वेळा शक्य नसतं. ढोबळ खूण एवढीच: अँकिलोसॉरच्या कुळात भिंत पातळ आणि तळ आतून खोलगट, तर नोडोसॉरच्या कुळात (डेनव्हरसॉरस यातलाच) पट्टी जाड, आतलं हाड जाळीदार. ‘अँकिलोसॉर गट, प्रजाती अनिश्चित’ असं लिहिणारा विक्रेता जास्त विश्वासाचा.

आता वस्तू. तळाचा फोटो मागाच, बहुतेक जण वरचा कंगोराच दाखवतात. दहापट भिंगातून तळाशी पोत्याच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले तंतू दिसले, तर खूण चांगली. वर बारीक छिद्रं आणि रक्तवाहिन्यांच्या चरा असतात. गोल, खोल खळगे ओळीने भरलेले असतील तर ती बहुधा मगरीची पट्टी. सपाट तुकडा, कडेला दातेरी सांधा आणि वर सरळ खाच दिसली तर कासवाची पाठ.

डागडुजी यूव्ही टॉर्चखाली उघडी पडते (365 नॅनोमीटरची घ्या). अंधाऱ्या खोलीत गोंद, भेगांत भरलेली पुट्टी आणि रंग हाडापेक्षा वेगळे चमकतात. कंगोऱ्याचं टोक नीट पाहा, तेच आधी तुटतं आणि तेच नव्याने घडवलं जातं. डागडुजी असणं गुन्हा नाही, ती लपवणं हा गुन्हा. वजनाला हलकी आणि पृष्ठभागावर हवेचे बारीक बुडबुडे असतील, तर ती रेझिनची नक्कल.

प्रश्न: जुलैपासून माझ्या पट्टीच्या भेगांतून पिवळट-राखाडी पूड पडतेय, आंबूस वास येतो. वरून लेप देऊ का?
(वाचक, शाहूपुरी)

उत्तर: आत्ता लेप देऊ नका. हाडातल्या पोकळ्यांत साठलेलं पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) ओल आणि हवेमुळे सडतंय. त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं आणि ते हाड आतून फोडतं. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की हे जोरात चालतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती सहज त्याच्या वर असते. लेपाने हवा अडत नाही, आतली सड चालूच राहते.

पट्टी इतरांपासून वेगळी करा. मूळ चिठ्ठीचा फोटो काढून तिची नक्कल करून ठेवा, आम्लाने कागद पहिला जातो. कोरड्या मऊ ब्रशने पूड झाडा, पाणी लावू नका. मग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. लाकडी खण नको, लाकडातून आम्लाची वाफ सुटते. 5 लिटरच्या डब्याला 100 ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा 45 टक्क्यांच्या खाली राहायला हवा. जेल हिरवं पडलं की ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन-तीन तास तापवा. पावसाळ्यात हे वरचेवर करावं लागेल, आळस करू नका.

भेगा बांधायच्या असतील तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा. पॅरालॉइड बी-72 (जीवाश्म जोडायला वापरतात ते ॲक्रिलिक रेझिन) चे 5 ग्रॅम दाणे 100 मिलिलिटर ॲसिटोनमध्ये, गाळणीच्या कापडात बांधून झाकणबंद काचेच्या बरणीत रात्रभर लोंबकळत ठेवले की विरघळतात. ब्रशने थेंब-थेंब भेगेत सोडा. ओल्या हवेत हेच केलं तर ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि लेप दुधाळ होतो. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवा. हे द्रव्य 40 अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर जोडलेली पट्टी ठेवू नका, उन्हाळ्यात सांधे सरकतात. फेविक्विक नको, ते नंतर सोडवणं अवघड जातं.

प्रश्न: पन्हाळ्याच्या उतारावर घुमटासारखा दगडी पापुद्रा सापडला. चिलखत असेल का?
(वाचक, वाघबीळ)

उत्तर: नाही. पन्हाळ्याचा डोंगर लाव्हाचा, आणि काळा दगड झिजताना असे गोल पापुद्रे सुटतात. भिंगाखाली हाडाची छिद्रं दिसणार नाहीत. आपल्या देशात चिलखतपट्ट्या मिळाल्यात त्या लाव्हाखालच्या लमेटा थरांत. जबलपूरच्या पट्ट्यांवरून 1920च्या दशकात चार्ल्स मॅटली यांनी लॅमेटासॉरस हा चिलखतधारी डायनासोर मांडला. पुढे त्यातली हाडं वेगवेगळ्या प्राण्यांची निघाली, आणि पट्ट्या लांब मानेच्या शाकाहारी टायटनोसॉरच्या असाव्यात असं मानलं जातं. महाराष्ट्रात लमेटा थर पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा. तिथे काही दिसलं तर उचलू नका. फोटो आणि जागेची नोंद घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.