गीझरचं पाणी कढत येतंय? आधी बटण बंद करा

लातूर : आमच्या २५ लिटरच्या गीझरचा काटा मधोमध असतो, तरी चार दिवसांपासून कढत पाणी येतंय. आतून खदखद ऐकू येते, दिवा विझतच नाही. काटा अजून कमी करू का?

काटा राहू द्या, बटण बंद करा. मेकॅनिक येईपर्यंत पुन्हा लावू नका. दिवा विझत नाही म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग) वीज तोडत नाहीये. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षारांचं. कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर पांढरा थर चढतो, मग पाणी किती तापलं हे त्याला उशिरा कळतं. कधी त्याचे वीज जोडणारे-तोडणारे पॉइंटच चिकटून बसतात. मला खरी काळजी वेगळीच वाटते: थर्मोस्टॅट बिघडला तरी कटआउटने, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणाऱ्या दुसऱ्या भागाने, वीज तोडायला हवी होती. खदखद होईपर्यंत त्यानेही तोडली नाही. दोन्ही बदलून घ्या, टाकीतला क्षार काढून घ्या, टाकीतला जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही तपासून घ्या. बटण बंद केल्यावरही टाकीतलं पाणी कित्येक तास कढत राहतं, तोवर मुलांना त्या नळाजवळ जाऊ देऊ नका.

परभणी : घरात दोन वर्षांचा नातू आहे. पाणी किती गरम चालतं?

६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत खोल भाजते. लेकराची त्याहून लवकर. त्याच्या अंघोळीला ३७-३८ अंश पुष्कळ झाले. आपण आधी कढत पाणी काढून मग विसण घालतो, तिथेच घात होतो. बादलीत थंड पाणी आधी घ्या, गरम नंतर सोडा, कोपर बुडवून बघा आणि मगच लेकराला न्हाणीत आणा. चटका बसलाच तर वीस मिनिटं साध्या नळाचं वाहतं पाणी सोडा आणि दवाखाना गाठा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नका, हे आजीलाही सांगून ठेवा.

जालना : सोलरचं पाणी मे महिन्यात हात घालवत नाही इतकं तापतं.

सोलरला ऊन तोडणारा थर्मोस्टॅट नसतो. टाकीतून खाली येणाऱ्या गरम पाइपवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. तो थंड पाणी मिसळून ठरावीक उष्णतेचंच पाणी सोडतो.

धाराशिव : सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत होता, प्लंबरने बूच मारून दिलं. चालेल ना?

नाही! आजच वीज बंद करा, गीझर गार झाला की बूच काढायला लावा. पाणी तापताना फुगतं, त्यामुळे थोडं ठिबकणं साहजिक आहे. सतत धार लागली असेल तर व्हॉल्व्ह नवा बसवा. वाट बुजवली आणि त्यात थर्मोस्टॅट अडकला, तर टाकी फुटू शकते.