शंभरपर्यंत अंक म्हणणारा साडेचार वर्षांचा मुलगा सुटा ७ ओळखत नाही. घरी कोणते खेळ घ्यावेत?

के.जी.त जाणारा आपला मुलगा शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो, पण सुटा ७ दाखवला की गप्प बसतो. अशा वेळी कोणते खेळ घ्यावेत आणि अंकांचा तयार संच आणावा का, असे आपण विचारले आहे. संच आणू नका. चिंचोके, एक कवडी आणि खडू एवढ्यावर भागते.

इंदूरला रामबागेत बालवाडीच्या मुलांना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे हा शंभराचा सोस मला चांगलाच परिचित आहे. तो आमच्या घरातही होता. एका गणेशोत्सवात आरती झाल्यावर माझ्या धाकट्या दिरांनी आपल्या मुलाला पाहुण्यांसमोर उभे करून एक ते शंभर म्हणायला लावले. त्याने न अडखळता म्हटले आणि टाळ्या पडल्या. मग मी त्याला सांगितले, "बाळा, या आजींना चार मोदक वाढ बरं." त्याने ओंजळीत मावले तेवढे मोदक आणून ठेवले. मोजायला सांगितल्यावर एकेका मोदकावर बोट टेकवत त्याने "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा" असे अगदी बरोबर मोजले, पण "मग किती आहेत?" असे विचारताच तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच त्या सगळ्यांची संख्या, हे त्याला अजून उमगलेले नव्हते. दीर म्हणाले, "वहिनी, शंभर येतात त्याला, चाराचं काय घेऊन बसलात?" या वयात नेमके तेच घेऊन बसायचे असते. इंदूरच्या मुलांना छप्पन हा शब्द तिथल्या 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीमुळे सहाच्या आधी तोंडपाठ असतो. म्हणून त्यांना छप्पन कळले, असे कोणी म्हणत नाही.

फरशीवर खडूने एका सरळ ओळीत दहा घरे आखून त्यांत १ ते १० लिहावेत. कवडी टाकावी, उताणी पडली तर एक घर, पालथी पडली तर दोन. सोंगटी ३ वर असताना दोन पडले, तर मुलाने "एक, दोन" न म्हणता "चार, पाच" असे घरातले अंक वाचत पुढे जावे; या खेळाचे सारे मर्म यातच आहे. सीगलर आणि रमाणी या अभ्यासकांनी २००८ मध्ये अशाच सरळ पटावर बालवाडीच्या मुलांना पंधरा-पंधरा मिनिटे चार वेळा खेळवले, तेव्हा अंकांचा लहान-मोठेपणा त्यांना अधिक चांगला कळू लागला. घरांत अंकांऐवजी रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत तो फरक दिसला नाही. हे मी दिरांना वाचून दाखवले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. सापशिडी मात्र एवढ्यात नको, कारण तिथे दर ओळीला दिशा उलटते आणि मूल गोंधळते.

दुसरा खेळ एकी-बेकीचा. मुठीतले चिंचोके जोडीजोडीने मांडावेत, एकटा उरला तर एकी. पाचापुढे जाण्याची घाई नको.

आकृती ओळखण्यासाठी ताटात रवा पसरून त्यात बोटाने अंक गिरवून घ्यावा. मॉन्टेसरी पद्धतीतले खरखरीत कागदाचे अंक याच हेतूने असतात. आपल्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण अशी की, घरच्या कालनिर्णयावरचा १ हा शाळेतल्या इंग्रजी नवासारखा दिसतो, आणि ७ म्हणजे त्यांना उलटासुलटा सहा वाटतो. शाळा इंग्रजी अंकांची असेल तर आधी तेच पक्के करावेत. दहापर्यंत हिंदी आणि मराठी नावे जवळची असल्याने तिथवर फारसे अडत नाही. अकरा आणि ग्यारह यांची सरमिसळ पुढे होते, म्हणून घरात एकच भाषा धरावी.

पाठांतर वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. पाढे तर पाठच हवेत, पण ते पुढच्या इयत्तांत. आपल्या घरीही कोणी तरी "आम्ही घोकूनच शिकलो" असे म्हणणार. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मुलाकडून त्यांना मोजून पाच बिस्किटे आणवावीत. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल, तर चिंचोके आणि कवडी खेळ संपताच उचलून ठेवावीत, कारण ते थेट तोंडात जातात.